रशीद, दोन ठिपके दिसले नाहीत

रशीद, त्या संध्याकाळी आभाळात काहीही दिसलं नाही. ढग होते. हे आधी सांगून टाकतो, कारण तीन आठवडे मी सगळ्यांना उलटंच सांगत फिरलो, आणि तुझ्यापुढे खोटं मला कधी पचलेलं नाही.

तूच मला हॉस्पिटलच्या गच्चीवर पाठवलंस. चार माणसांना घेऊन एक यान अंतराळ स्थानकाकडे निघालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्थानकाला जाऊन जोडलं जाणार होतं. त्याआधी, संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी, दोन्ही एकामागोमाग नाशिकवरून जाणार होती. पुढे मोठा ठिपका, मागे छोटा. "वर जाऊन बघ आणि मला येऊन सांग," म्हणालास. मी गेलो. परत आलो तेव्हा तू नव्हतास.

भेटायला येणारे म्हणतात, भाग्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. मी मान डोलावतो. त्यांना काय सांगणार? आपल्या कामात खुर्ची रिकामी ठेवणं म्हणजे काय असतं, हे त्यांना कुठे माहीत आहे.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी लागलो तेव्हा तू दोन वर्षांनी जुना होतास, म्हणून मला शिकवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी तू मला दोनच गोष्टी सांगितल्यास. रीडिंग स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की चार्ज द्यायचा. काय चालू आहे, काय बंद आहे, कुठे कुरकुर आहे, सगळं तोंडाने सांगायचं. त्याने "घेतला" म्हणायचं. मग वहीत दोघांच्या सह्या. बाकीचे ऑपरेटर सही झाली की पळायचे. तू मात्र "घेतला" हा शब्द कानावर पडेपर्यंत जागचा हलायचा नाहीस. एखादा नुसती मान हलवायचा, तर त्याला म्हणायचास, "तोंड हाय ना? मग बोल की."

नांदगावचं पाणी तुझ्या बोलण्यातून शेवटपर्यंत गेलं नाही. तुझे अब्बा तिथल्या बाजारात भांड्यांना कल्हई लावायचे. भांड्यात स्वतःचं तोंड दिसल्याशिवाय ते गिऱ्हाईकाच्या हातात देत नसत, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. मी चिडून म्हणायचो, इथे बॉयलर आहे, पातेलं नाही. तू म्हणायचास, बघायचं सारखंच असतं. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि तरी मी तेहतीस वर्षं घातला.

आता ईदचं बोलतो. ते आपण कधीच बोललो नाही.

आपली अदलाबदल ठरलेली होती. लक्ष्मीपूजनाला माझी पाळी तू करायची, ईदला तुझी मी. माझं सोपं होतं, लक्ष्मीपूजन कॅलेंडरात छापलेल्या दिवशीच येतं. तुझं चांद दिसण्यावर. त्या वर्षी तुझी पहिली पाळी होती, माझी दुसरी. आपलं ठरलं होतं, संध्याकाळी आभाळात बघायचं, चांद दिसला की मी सकाळी सातलाच यायचं. कॅलेंडरात ईद बुधवारी होती. चांद सोमवारीच दिसला. मी त्या संध्याकाळी खाली मान घालून मुलीच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालत बसलो होतो. दोन पावलं गॅलरीत टाकली असती तर मलाही दिसला असता. तू निरोप पाठवला नाहीस, कारण तुला वाटलं, चांद तर सगळ्यांनाच दिसतो, त्याचा वेगळा निरोप कसला.

मंगळवारी सातला तू आलास. मी पोचलो नव्हतो आणि तक्त्यावर नाव तुझं होतं, म्हणून रात्रपाळीवाल्याकडून चार्ज तूच घेतलास. नवा कुर्ता पिशवीत घडी करून आणला होतास. मी आलो की तिथेच कपडे बदलून थेट ईदगाहला जायचं, असा तुझा बेत. मी आलो नाही. रात्रपाळीवाला केव्हाच घरी गेला होता. नमाजाची वेळ आली आणि गेली, आणि तू खुर्चीत बसून दर तासाचं रीडिंग लिहीत राहिलास.

मी तीन वाजता हलत डुलत आलो आणि वर विचारलं, "काय रे, ईद उद्या ना?"

तू उठलास. पिशवी खुंटीला तशीच होती. तू म्हणालास, "दोन नंबरचा पंप बंद हाय, तीन चालू. तीनच्या बेअरिंगला हात लावून बघत जा, जरा गरम लागतंय. बाकी सगळं ठीक." माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला, घेतला. तू सही केलीस, पिशवी उचललीस आणि गेलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी तुझ्या घरून शमीमभाभींनी शीरखुर्म्याचा डबा मात्र पाठवलाच. माझ्या बायकोने, सुमनने, वाटी भरून माझ्यापुढे ठेवली. मी ती तशीच तिच्याकडे सरकवली.

माफी मागायला मी तीनदा तुझ्या घरी आलो आणि तिन्ही वेळा क्रिकेटवर बोलून परत गेलो. तूही विषय काढला नाहीस. चार-पाच महिन्यांनी, थंडीत, एकदा पाळी संपताना फक्त एवढंच म्हणालास, "तुला आभाळ बघायची सवय लावायला पाहिजे, अरुण्या." मला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात तू सायबर कॅफेतून छापून आणलेली चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरलीस. पहाटे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, नैऋत्येकडून. पहिल्या पाळीला जायच्या आधी वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीजवळ सायकली लावून आपण कुडकुडत उभे राहिलो. मी तुला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. मग चिमण्यांच्या धुराच्या पलीकडून तो ठिपका वर आला. विमानासारखा लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. आणि त्याच्या मागे दुसरा, थोडा फिका, त्याच वाटेने. ते शटलचे दिवस होते. तू टोपी काढून हातात घेतलीस.

"पुढच्यात आधीचे हायेत, मागच्यात नवे," तू म्हणालास. "रिलीव्हर चाललाय."

मग सायकलवरून जाताना तू मला सगळं सांगितलंस. ते स्थानक कधी रिकामं ठेवत नाहीत. नवी माणसं यानातून येतात, जुनी लगेच निघत नाहीत, काही दिवस, कधी काही आठवडे, एकत्र राहून सगळं समजावून देतात, मग निघतात. तुला इतका आनंद झाला होता की जणू तो नियम त्यांनी आपल्या कंट्रोल रूममधून नेला. मी म्हणालो, त्यांना काय, तिथे ट्रॅफिक नाही, रिलीव्हर वेळेवर येत असेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. त्या हसण्यात ईदचा दिवस फिटला, असं मला त्या वेळी वाटलं. अजून खात्री नाही. विचारायला हवं होतं.

मग आपला तो मोठा वाद सुरू झाला, जो संपला नाही. मी म्हणायचो, माणसाला वर पाठवायची गरजच काय? यंत्रं पाठवा, ती सगळं बघतात, त्यांना खायला लागत नाही, घरची आठवण येत नाही. आपल्याकडेही नवी यंत्रणा आली होती. रीडिंग आपोआप पडद्यावर यायची. तरी तू टॉर्च घेऊन खाली जायचास आणि पंपाच्या बेअरिंगला हात लावून बघायचास. नवी पोरं हसायची. मीही हसायचो, अगदी त्यांच्यासमोर. त्याचं मला आता फार वाईट वाटतं. एकदा मी तुला सगळ्यांदेखत म्हणालो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तू शांतपणे हात पुसलेस आणि म्हणालास, "यंत्राला दिसतं रे. पण ते घरी येऊन सांगत नाय."

मी त्यावर काहीतरी तिरकं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तुझं वाक्य आठवतं.

निवृत्तीनंतर नाशिकातच तू द्वारका चौकाजवळ राहायला गेलास, मी जेलरोडला. आठवड्यातून दोनदा तरी तुझा मेसेज यायचा. नमस्कार नाही, तब्येत कशी नाही. "६.१२. नैऋत्य. चार मिनिटं." बस. मी कधी बघायचो, बऱ्याचदा नाही. अंथरुणातूनच "बघितलं" लिहून पाठवायचो. तू लगेच उलट विचारायचास, गुरूच्या डावीकडून गेलं की उजवीकडून? एकदा मी "मस्त दिसलं" असं लिहिलं आणि तुझं उत्तर आलं, "इथे तर गच्च ढग हाय. तुझ्या जेलरोडला वेगळं आभाळ हाय का?" सुमन पोट धरून हसली. मी कानाला खडा लावला. पण कानाला खडे मी आयुष्यभर लावत आलोय.

तुझं हृदय थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू मला फोन करून म्हणालास, "माझा मेन पंप गेला रे. स्टँडबाय तर वरच्याने बसवलाच नाय." मला हसू आलं आणि मग फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो.

हॉस्पिटलातही तू पाळ्या लावल्यास. सकाळी तुझी लेक तबस्सुम, कॉलेजात शिकवायला जायच्या आधी तिच्या नवऱ्यासह. दुपारी मी. साडेसहानंतर भाभी, त्या रात्री तिथेच झोपायच्या. पलंगाजवळ एक लोखंडी खुर्ची होती, एक पाय आखूड असलेली. तिच्यावर मी सतरा दिवस दुपारी दोन ते साडेसहा बसलो. आपण जितकं भांडायचो तितकं भांडलो. फोनवर यान उडताना बघितलं, तू माझ्या मनगटाला धरून होतास, आणि ते वर गेल्यावर हळूच सोडलंस. आदल्याच दिवशी तुला खोलीत हलवलं होतं, छातीवरच्या वायरी काढल्या होत्या. दोन दिवसांत घरी सोडू म्हणत होते. मी मूर्खासारखा विश्वास ठेवून बसलो.

त्या दिवशी साडेसहा झाले, पावणेसात झाले, भाभी आल्या नाहीत. तू घड्याळाकडे बघत होतास. मी म्हणालो, भाभी येऊ दे, मग जातो.

"ती द्वारकेच्या सिग्नलला अडकली असंल. ते थांबणार नाय तुझ्यासाठी. सहा मिनिटांचं काम हाय, जा."

"आणि रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, त्याचं काय?"

तू उशीवर जरा वर सरकलास. "चार्ज माझ्याकडे दे," म्हणालास.

मला गंमत वाटली. मी उभा राहिलो आणि कंट्रोल रूममधल्यासारखं सांगितलं, सलाईन चालू आहे, अर्ध्याच्या खाली आलीय. सहाची गोळी दिली. खिडकी बंद, पंखा एकवर. बाकी सगळं ठीक.

"घेतला," तू म्हणालास.

सात वाजायला पाच मिनिटं होती. मी चार जिने चढून गच्चीवर गेलो. वर बघितलं तर राखेसारखं आभाळ. द्राक्षबागवाल्यांनी धसका घ्यावा, तसं अवकाळी भरून आलेलं. सात चार झाले. मी नैऋत्येकडे मान वर करून उभा. सात दहा झाले. ढगांवरून चार माणसं आणि त्यांची वाट बघणारं ते घर निघून गेलं असणार. मला काही दिसलं नाही.

आता ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी लगेच खाली आलो नाही. जिन्याच्या तोंडाशी थांबून तुला काय सांगायचं ते जुळवत होतो. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता. म्हणून टाकीजवळची ती पहाट आठवून तिच्यातून उचलायला लागलो. पुढचा किती ठळक, मागचा किती फिका, दोघांत किती अंतर. तू उलट विचारणार, म्हणून गुरू कुठे होता तेही मोबाइलवर शोधलं. त्यात पाच मिनिटं गेली, की सात, मला सांगता येत नाही. खोटं पक्कं करायला मी तिथे थांबलो, आणि तू खाली एकटा होतास. हे माझ्या छातीवर बसलंय, रशीद. सुमनला फक्त गच्चीचं माहीत आहे; ती म्हणते, "तुम्ही खाली असतात तरी काय केलं असतंत?" काही नसतं केलं. तिथे असतो.

खोलीत आलो तेव्हा तुझे डोळे दाराकडे होते. मी दारातूनच म्हणालो, "दिसले रे, दोन्ही." दोन पावलं आत आल्यावर मला कळलं.

तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य खोटं आहे. तू ऐकलंस की नाही, तेही मला माहीत नाही.

भाभी डबा घेऊन आल्या तेव्हा डॉक्टर कागद भरत होते. पुढचं सगळं भराभर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तुला नेलं. मी खांदा दिला. माती देताना तुझ्या जावयाने माझा हात धरून मला पुढे घेतलं, तीन मुठी कशा द्यायच्या ते दाखवलं. तुला आयुष्यभर मी शिकवलं काही नाही, फक्त शिकलो, आणि तेही शेवटी तुझ्याच घरच्याने शिकवलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीला बसलेल्या, म्हणजे आता चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नाहीत. त्या आतल्या खोलीत, मी बाहेर, मध्ये दाराला पडदा. नांदगावहून आलेली तुझी बहीण त्यांच्याजवळ होती. पडद्याआडून भाभींनी विचारलं, "भाऊ, त्यांनी तुम्हाला वर पाठवलं होतं ना? दिसलं का?"

मी काय करायला हवं होतं? जुळवलेलं सगळं तयार होतं. मी म्हणालो, दिसलं भाभी, दोन्ही दिसले. आणि मग धबधबा सुटावा तसा बोलत गेलो. पुढचा ठळक, मागचा फिका, दोघं कसे एका वाटेने गेले. पडद्याआडून हुंदका आला. तुझी बहीण म्हणाली, "भाईजानची येवढी तरी इच्छा झाली पुरी." तबस्सुमने ते तुमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. आता मालेगावपासून मुंब्र्यापर्यंत तुझे सगळे नातेवाईक सांगतात की रशीदभाईंचा दोस्त गच्चीवर उभा राहून दोन तारे बघत होता, आणि त्याच वेळी ते गेले. लोकांना असं काही फार आवडतं. मला ते ऐकलं की तोंड लपवावंसं वाटायचं. तू असतास तर पहिल्याच मिनिटाला पकडलं असतंस.

सतरा दिवस मी मूग गिळून बसलो. गेल्या शुक्रवारी मात्र राहवेना. तबस्सुमला फोन केला, भाभींशी दोन शब्द बोलायचे आहेत म्हणालो. तिने पडद्याजवळ खुर्ची ठेवली. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. भाभी, त्या दिवशी ढग होते. मला काही दिसलं नाही. मी खोटं बोललो.

भाभी म्हणाल्या, "माहीत होतं, भाऊ."

"कसं?" मी विचारलं.

"मी रिक्षात होते. द्वारकेला पाऊण तास अडकले. सात चारची वेळ त्यांनी मला पण सकाळीच सांगून ठेवली होती. मी सारखी डोकं बाहेर काढून वर बघत होते. एक तारा नव्हता." मग म्हणाल्या, "साडेसहाला माझी पाळी होती ना. मी वेळेवर आले असते तर ते एकटे नसते. तुम्ही दिसलं म्हणालात, तेव्हा वाटलं, माझ्या हातून चूक झाली ती झाली, पण त्यांचं काम तरी झालं. म्हणून मी पण गप्प बसले."

बघ रशीद. मी समजत होतो, खुर्ची मी सोडली. त्या समजत होत्या, खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली. तीन आठवडे एकमेकांना तोच खोटा दिलासा देत आम्ही पडद्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. तुझ्या तालमीत तयार झालेली माणसं आम्ही, दुसरं काय करणार. मी त्यांना म्हणालो, भाभी, द्वारकेचा सिग्नल तुमच्या हातात नव्हता. त्या म्हणाल्या, ढग तुमच्या हातात होते का?

मग मी त्यांना चार्जचं सांगितलं. तू कसा उशीवर सरकलास, मी कसं सलाईन आणि पंख्याचं सांगितलं.

"आणि ते?" त्यांनी विचारलं.

"घेतला म्हणाला."

पडद्याआड त्या रडल्या की हसल्या, मला नीट कळलं नाही. दोन्ही असेल. म्हणाल्या, "ते घेतला म्हणाले म्हणजे घेतलाच असणार. लग्नापासून बघत आलेय." मी निघालो, चपला घातल्या, तेव्हा आतून पुन्हा हाक आली. "भाऊ, एकदा खरं बघून सांगाल का? मला बाहेर येता येत नाही. तुम्ही बघा आणि फोनवर सांगा. पण दिसलं तरच दिसलं म्हणा."

काल आभाळ निवळलेलं होतं. संध्याकाळी सात एकवीस, नैऋत्य, पाच मिनिटं. वेळ मला आता स्वतः शोधावी लागते. मी जेलरोडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो, भाभींना फोन लावला आणि कानाशी धरून उभा राहिलो. मग आला. मी सांगायला लागलो, आला भाभी. खाली आहे अजून, पाण्याच्या टाकीच्या वर. वर चढतोय. आता अगदी डोक्यावर.

"किती आहेत?"

"एकच."

"दुसरा?"

"दुसरा आता त्यालाच लागलेला आहे, भाभी. आत दोघंही आहेत, जुने आणि नवे. चार्ज द्यायला थांबलेत."

त्या म्हणाल्या, "बरं." मग एकलहऱ्याच्या बाजूला तो फिका होत गेला आणि एका जागी विझला. पृथ्वीच्या सावलीत गेला. मी तेही सांगितलं. तुझ्याशी मी इतकी वर्षं वाद घातला की बघायला माणूस कशाला लागतो. फोन कानाशी धरून मी तिथे उभा होतो आणि माझ्याकडे त्या वादातलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

तुझ्या कागदावर डॉक्टरांनी सात वाजून पंचवीस मिनिटं लिहिलीत. ती त्यांनी तुला बघितल्याची वेळ आहे. तू गेल्याची नाही. तू वही तपासत असतास तर लाल पेनाने तिथे गोल केला असतास. लोक मला विचारतात, नक्की किती वाजता गेले? मी आता सांगतो, माहीत नाही. मी बघितलं नाही, म्हणून लिहीत नाही.

तर रशीद, बघून आलोय, सांगतो. त्या संध्याकाळी ढग होते, काही दिसलं नाही. काल एक दिसला, वेळेवर आला, वेळेवर गेला. भाभी दोन घास खातात, तबस्सुम पुन्हा कॉलेजात जायला लागलीय. ईद यंदा जवळ आलीय. संध्याकाळी मी स्वतः गॅलरीत जाऊन चांद बघणार आहे, कॅलेंडर बघणार नाही. त्या जुन्या ईदची माफी मागायची राहिली, ती आता मागतो. बाकी सगळं ठीक, असं शेवटी म्हणायची आपली पद्धत आहे. ते मी म्हणणार नाही, कारण तसं नाही.

एवढा चार्ज दिला. आता फक्त तू "घेतला" म्हणायचं राहिलंय. ते ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे तूच शिकवलंस. बसलोय.